सरांचे नाव क्रीडागृहाला द्यायचे आहे : आधी काय, मग काय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. परळच्या एका अनुदानित मराठी शाळेची जुनी इमारत पाडून नवी उभी राहते आहे. तळमजल्यावर बंदिस्त क्रीडागृह होणार आहे. ज्या सरांनी तीसेक वर्षे तिथल्या मुलामुलींना खो-खो शिकवला, त्यांचे नाव या क्रीडागृहाला द्यावे अशी माजी विद्यार्थ्यांची इच्छा आहे. सर हयात आहेत आणि ‘माझे नाव वगैरे नको’ म्हणतात. एका विश्वस्तांचे मत असे की हयात माणसाचे नाव देऊ नये. शिवाय एक देणगीदार मोठी रक्कम द्यायला तयार आहेत, पण त्यांना तिथे आपल्या आईचे नाव हवे आहे. अशा वेळी पुढे कसे जावे, किती पैसे जमवावेत आणि पाटीवर काय लिहावे, असे तुम्ही विचारले आहे.

मी मुंबईतल्या शाळांमध्ये क्रीडाशिक्षक म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर शिक्षणसंस्थांच्या कार्यकारिणीत काम करतो. नाव मागणारे आणि नाव मंजूर करणारे, अशा दोन्ही बाजूंना बसलो आहे. त्यावरून माझे ठाम मत झाले आहे ते आधीच सांगतो. प्रशिक्षकाचे नाव तिथेच टिकते जिथे त्याचे काम पुढे चालू असते. म्हणून आधी त्या जागेत खेळ होईल याची तजवीज करायची, मग ठराव, मग पैसे. पाटी सगळ्यात शेवटी. बहुतेक ठिकाणी पाटीपासून सुरुवात होते आणि खेळाचा विचार राहूनच जातो.

त्यामुळे तुमचे पहिले काम आर्किटेक्टकडचा नकाशा मागवण्याचे आहे. खो-खोचे मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते, शिवाय भोवती मोकळी जागा लागते. परळसारख्या भागात वर पाच-सहा मजले वर्ग असतील तर तळमजल्याच्या हॉलच्या मधोमध खांब येण्याची दाट शक्यता असते, कारण वरचा भार कुठेतरी उतरवावा लागतोच. नकाशावर ‘बहुउद्देशीय क्रीडागृह’ असे झोकात लिहिलेले असते आणि प्रत्यक्षात दोन खांबांच्या मधून पाठलाग करणाऱ्याला सूरही मारता येत नाही. ज्या सरांनी आयुष्यभर खो-खो शिकवला त्यांच्या नावाच्या हॉलमध्ये खो-खो खेळताच येणार नसेल, तर ते नाव देण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. बांधकाम अजून जोत्याच्या आसपास असेल तर माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी स्ट्रक्चरल इंजिनिअर असेल त्याला घेऊन आर्किटेक्टला भेटा. पूर्ण मैदान बसत नसेल तर निदान खो-खोचा एका बाजूचा खांब आणि त्याच्याजवळच्या तीन-चार पाट्या (मैदानावरच्या आडव्या पट्ट्या) यांचा सराव होईल एवढी सलग जागा मोकळी ठेवून घ्या. खांबावरचे वळण आणि खांबावरची उडी मुलांना तिथे घोटून घेता आली तरी पुष्कळ झाले.

दुसरा प्रश्न वापराचा. मुंबईत छपराखालच्या मोकळ्या जागेला सोन्याचा भाव आहे. हॉल तयार झाला की लग्ने, साड्यांची प्रदर्शने, परीक्षाकेंद्रे, निवडणुकीची मतदान केंद्रे, सगळे तिथे येते. संस्थेला उत्पन्न लागते हे मला मान्य आहे, अनुदानित मराठी शाळा चालवणे आज किती कठीण आहे ते मी रोज पाहतो. पण आठवड्यातले ठरावीक तास फक्त खेळाचे, आणि सकाळची सरावाची वेळ भाड्याने दिली जाणार नाही, एवढे नाव देण्याच्या ठरावातच लिहून घ्या. नंतर वेगळा ठराव करू म्हटले की तो कधीच होत नाही.

आता जागेचे कागद. मुंबईत इमारत संस्थेची आणि जमीन दुसऱ्याची असे सर्रास असते. भूखंड महापालिकेकडून मक्त्याने घेतलेला आहे, जिल्हाधिकाऱ्यांचा आहे की संस्थेच्या मालकीचा आहे, हे नगर भूमापन कार्यालयातल्या मालमत्ता पत्रकावरून कळते. जमीन संस्थेची असेल तर आतल्या क्रीडागृहाला नाव देणे हा कार्यकारिणीच्या अखत्यारीतला विषय आहे. मक्त्याची असेल तर भाडेपट्ट्यातल्या अटी वकिलाकडून वाचून घ्या. शाळा वापरते ते बाहेरचे मैदान महापालिकेचे असेल तर त्याला नाव देण्याचा अधिकार महापालिकेचा. ती वाट लांबची आहे, त्यामुळे सध्या तिकडे वळू नका.

हॉलला नाव देताना धर्मादाय आयुक्तांना कळवावे लागते का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे ट्रस्टच्या नोंदीतल्या तपशिलांत, म्हणजे ट्रस्टचे नाव, विश्वस्त, मालमत्ता यांत बदल झाला की ९० दिवसांत त्यांच्या कार्यालयाला चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, द्यावा लागतो. हॉलला नाव दिल्याने यातले काहीच बदलत नाही. मात्र देणगीदाराशी करार करताना त्याला हॉलच्या वापराचा कायमचा हक्क वगैरे लिहून देऊ नका. तसे केले की तो स्थावर मालमत्तेचा व्यवहार ठरू शकतो, आणि त्याला त्याच कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते.

देणगीदारांच्या आईचे नाव आणि सरांचे नाव यात भांडण लावण्याची गरज नाही. आपल्या वानखेडे स्टेडियमकडेच पाहा. स्टेडियमला नाव प्रशासकाचे, शेषराव वानखेडे यांचे. आतल्या स्टँडना गावस्कर, तेंडुलकर, विजय मर्चंट यांची नावे आहेत. मे २०२५ मध्ये त्यात अजित वाडेकर, शरद पवार आणि रोहित शर्मा यांच्या नावांची भर पडली. एकाच वास्तूत प्रशासक, खेळाडू, राजकारणी सगळे नांदतात, कारण कोणाचे नाव कुठे हे ठरवून दिलेले आहे. तुमच्याकडे इमारतीला, एखाद्या मजल्याला, ग्रंथालयाला किंवा प्रयोगशाळेला देणगीदारांच्या मातोश्रींचे नाव देता येईल. क्रीडागृह मात्र सरांचे. देणगीदारांना घरी जाऊन भेटा, सरांबद्दल सांगा, त्यांची आई काय करायची ते विचारा. त्या माउलीला वाचनाची आवड असेल तर ग्रंथालयाला नाव देणे त्यांना स्वतःलाच जास्त रुचेल. पैसे देणारी माणसे बहुधा समजूतदार असतात, पण त्यांच्याशी कोणी नीट बोललेले नसते. आणि एक पथ्य कटाक्षाने पाळा. ‘अमुक लाख दिले तर अमुक नाव’ असा दरफलक कधीही काढू नका. सरांचे नाव पैशांच्या बोलीवर लागले असे चित्र उभे राहिले तर ते सरांनाच आवडणार नाही.

हयात माणसाच्या नावाबद्दल माझे मत तुमच्या विश्वस्तांच्या अगदी विरुद्ध आहे. त्यांची भीती मी समजू शकतो, माणूस हयात आहे तोवर त्याच्या हातून काही बरेवाईट होऊ शकते असे त्यांना वाटते. पण खेळाच्या जगात हे बंधन राहिलेले नाही. रोहित शर्माचे नाव स्टँडला लागले तेव्हा तो एकदिवसीय सामने खेळतच होता. रमाकांत आचरेकर सरांना द्रोणाचार्य पुरस्कार १९९० मध्ये आणि पद्मश्री २०१० मध्ये मिळाली. शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब शिकवणाऱ्या उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. सरकार हयात प्रशिक्षकाचा गौरव करते, मग शाळेने त्याच्या जाण्याची वाट का पाहावी? आचरेकर सर २ जानेवारी २०१९ रोजी गेले. त्यांचे स्मारक शिवाजी पार्कच्या पाच नंबरच्या गेटपाशी उघडले ते ३ डिसेंबर २०२४ रोजी. ज्या मैदानावर त्यांनी मुले घडवली तिथेच ते झाले याचे मला फार समाधान आहे. पण ते पाहायला सर स्वतः नव्हते. तुमचे सर आहेत. त्यांना पहिल्या रांगेत बसवा.

‘नको’ म्हणणाऱ्या सरांचे मन वळवताना गर्दी करून जाऊ नका. त्यांच्या जुन्या खेळाडूंपैकी दोघे-तिघे जा, त्यात मुलींच्या संघातली एक तरी असू द्या. ‘तुमचा सत्कार करायचा आहे’ असे म्हणू नका. सकाळचा सराव बंद पडू नये म्हणून तुमचे नाव हवे आहे, नावामुळे संस्थेवर बंधन राहील, असे सांगा. ही गोष्ट खरी आहे आणि शिक्षकाला ती पटते. होकार मिळाला की सरांचे आणि घरच्यांचे दोन ओळींचे संमतिपत्र घ्या, त्यातच नाव नेमके कसे लिहायचे तेही लिहून घ्या. आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ, वडिलांचे नाव घालायचे की नाही, हे घरच्यांना विचारल्याशिवाय छपाईला देऊ नये.

यापुढचा मुद्दा बोलायला अवघड आहे, पण टाळू नका. ज्या माणसाच्या ताब्यात वर्षानुवर्षे लहान मुले-मुली होती त्याचे नाव शाळेत कायमचे लावण्याआधी शांतपणे चौकशी करणे हे संस्थेचे कर्तव्य आहे. कार्यकारिणीने दोन जबाबदार व्यक्ती नेमाव्यात, त्यात एक महिला असावी. वेगवेगळ्या वर्षांच्या संघांतल्या माजी विद्यार्थ्यांशी, विशेषतः मुलींशी, त्यांनी स्वतंत्रपणे बोलावे. सेवापुस्तकात काही शेरा आहे का ते पाहावे. बहुतेक वेळा या गप्पांतून सरांविषयी इतके चांगले ऐकायला मिळते की प्रस्तावाला आणखी जोर येतो. पण तक्रार निघाली तर प्रस्ताव तिथेच थांबवायचा. प्रकार बाल लैंगिक अत्याचाराचा असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ‘सर तसे नाहीतच’ या विश्वासावर ही पायरी गाळू नका. ही चौकशी झाली आहे हे कळल्यावर हयात माणसाच्या नावाला असलेला तुमच्या विश्वस्तांचा विरोधही मावळेल.

त्या चौकशीबरोबरच सरांच्या कामाचा दस्तऐवज तयार करा. यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा असे मी सांगेन. लोक ढालींची यादी करतात आणि थांबतात. ढाली महत्त्वाच्या आहेतच, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या शालेय स्पर्धांची प्रमाणपत्रे, वृत्तपत्रांतली कात्रणे, संघांचे फोटो, सगळे गोळा करा. पण परळ-लालबागमधल्या प्रशिक्षकाचे खरे काम त्या यादीत मावत नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि घराघरांतला पगार थांबला. तुमच्या पत्रावरून सर त्या काळात शाळेत होते असे दिसते. त्या वर्षांतली कोणती मुले खेळामुळे शाळेत टिकली, कोणाला पुढे रेल्वेत, पोलिसांत, बँकेत, विमा कंपनीत खेळाडू म्हणून नोकरी लागली, कोणाच्या घरी पहिला कायमचा पगार खो-खो किंवा कबड्डीमुळे आला, हे नावानिशी लिहून काढा. त्या मुलांची आज साठी जवळ आली आहे, आत्ताच विचारा.

माझ्या ओळखीच्या अशाच एका प्रशिक्षकांनी ठेवलेली एक लांबट वही मी पाहिली आहे. प्रत्येक पानावर मुलांची नावे, उंची, वजन, आणि उजव्या कडेला पेन्सिलीने आखलेला एक रकाना. त्यात रोज सकाळची नोंद : ‘चहा-पाव’, ‘शिळी भाकरी’, ‘काही नाही’. ‘काही नाही’ असलेल्या मुलाला त्या दिवशी लांब पळवायचे नाही असा त्यांचा नियम होता. नंतर त्या शाळेने व्यायामशाळेला त्यांचे नाव दिले तेव्हा वहीची दोन पाने चौकटीत लावली. नव्या मुलांना सर कोण होते हे त्या पानांवरून कळते, ते सांगायला वेगळे भाषण लागत नाही. तुमच्या सरांच्या घरी असे काही असेल तर ते जपून आणा, आधी स्कॅन करा, मूळ प्रत घरच्यांना परत द्या.

हे शोधताना आणखी एक प्रश्न विचारा : सरांबरोबर अजून कोण होते? मुलींच्या संघाला सांभाळणाऱ्या बाई, पहाटे फाटक उघडून पाण्याची घागर भरून ठेवणारे शिपाई, पावसाळ्यानंतर मैदान रोलिंग करून फक्की मारणारे कोणी. एका माणसाच्या नावाखाली बाकीची माणसे पुसली जाणार असतील तर ते सरांवरही अन्यायाचे होईल. मुलींच्या संघाच्या बाईंचे नाव एखाद्या वार्षिक पारितोषिकाला जोडता येते.

ठरावाचा मसुदा आयता देतो, तुमच्या वकिलांकडून तपासून घ्या :

‘असे ठरविण्यात येते की, संस्थेच्या शाळेच्या नवीन इमारतीतील तळमजल्यावरील क्रीडागृहास (सरांचे संमतिपत्राप्रमाणे नाव) क्रीडागृह असे नाव देण्यात यावे. या जागेत सकाळी … ते … ही वेळ विद्यार्थ्यांच्या क्रीडा सरावासाठी राखीव राहील व अन्य कारणासाठी दिली जाणार नाही. इमारतीचा भविष्यात पुनर्विकास, दुरुस्ती वा स्थलांतर झाल्यास हेच नाव नव्या क्रीडासुविधेस देण्यात येईल. देणगी वा प्रायोजकत्व यांमुळे या नावात बदल वा जोड केली जाणार नाही. नाव काढणे आवश्यक ठरल्यास लेखी कारणांसह व विश्वस्तांच्या दोन-तृतीयांश बहुमतानेच तसे करता येईल. नामफलक व संबंधित उपक्रमांची जबाबदारी शाळेचे मुख्याध्यापक व क्रीडाशिक्षक यांची राहील. सूचक : … अनुमोदक : …’

पुनर्विकासाचे वाक्य मुंबईत विसरू नका. इथे शाळेची इमारत तीसेक वर्षांची झाली की संरचनात्मक तपासणी सक्तीची होते आणि पाडकामाची चर्चा सुरू होते. मध्य मुंबईतल्या एका शाळेच्या नव्या इमारतीत मला जुन्या व्यायामशाळेची संगमरवरी पाटी जिन्याखालच्या खोलीत मोडक्या बाकांमागे सापडली होती. एक कोपरा तुटलेला, पाठीला प्लास्टरचे ढेकूळ, आणि नावातली पहिली दोन अक्षरे गेलेली. संस्थेतल्या कोणालाही ते कोण होते हे सांगता येईना. ठरावात एक ओळ असती तर ती पाटी नव्या भिंतीवर असती.

पैशांबद्दल. माजी विद्यार्थी संघाने कोणाच्याही वैयक्तिक खात्यावर किंवा मोबाइल नंबरवर रक्कम घेऊ नये, एक रुपयासुद्धा. थेट संस्थेच्या खात्यात घ्या, पावतीवर देणाऱ्याचा पॅन लिहा. संस्थेकडे ८०जी ची नोंदणी असेल तर देणाऱ्याला प्राप्तिकरात सवलत मिळू शकते, पण दोन हजारांवरच्या रोख रकमेला ती मिळत नाही हे सगळ्यांना आधी सांगा. रक्कम कायम निधीत ठेवायची असेल तर देणाऱ्याने तसे लेखी द्यावे लागते, त्यासाठी एक छोटा अर्ज छापून घ्या. किती जमवावे? समजा पाच लाखांचा निधी बँकेत ठेवला आणि साडेसहा टक्के व्याज मिळाले, तर वर्षाला साडेबत्तीस हजार होतात. त्यात शाळेच्या संघाचे बूट, स्पर्धांची प्रवेशफी आणि सरावानंतरचा खाऊ यांचा बराच भार उचलला जाईल. माझ्या मते उद्घाटनाच्या कार्यक्रमावर जेवढा खर्च कराल त्याच्या अनेक पट या निधीत गेले पाहिजे. शाली-श्रीफळे कमी करा.

भाई नेरूरकरांचे नाव आज खो-खोत प्रत्येकाला माहीत आहे, कारण त्यांच्या नावाच्या सुवर्णचषकासाठी संघ मैदानात उतरतात. तुम्हीही सरांच्या नावाची आंतरशालेय स्पर्धा ठेवा, चार संघांची असली तरी चालेल, पण दरवर्षी ठरलेल्या आठवड्यात झालीच पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताचे पुरुष व महिला दोन्ही संघ जिंकले. मुलांमध्ये उत्साह आहे, तो वापरा.

पाटीवर नाव आटोपशीर ठेवा. अंधेरीच्या संकुलाचे नाव शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल आहे, पण रिक्षावाल्यापासून खेळाडूपर्यंत सगळे ‘अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स’ म्हणतात. लांबलचक नाव लोक बाजूला ठेवतात. ‘क्रीडामहर्षी’, ‘खो-खो तपस्वी’ अशी विशेषणे लावू नका. मुले सरांना ज्या नावाने हाक मारत ते आडनाव आणि ‘सर’ हे फलकावर ठळक असू द्या, पूर्ण नाव, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत शिकवले ते आणि कोणता खेळ, हे खाली बारीक अक्षरांत. उद्घाटकाचे नाव अजिबात नको. निवडणुकीची आचारसंहिता लागली की पुढाऱ्यांच्या नावाच्या पाट्या कागदाने झाकाव्या लागतात, सरांच्या नावावर तसा कागद चिकटलेला बघायची वेळ येऊ देऊ नका. साहित्याचे म्हणाल तर समुद्राच्या हवेत पितळ वर्षभरात काळवंडते आणि साधे स्टील गंजाचे डाग धरते. बाहेर ग्रॅनाइटवर खोल कोरलेली अक्षरे बरी, त्यातला रंग दोन-तीन वर्षांनी पुन्हा भरून घ्यावा लागतो. धातूच हवा असेल तर ३१६ ग्रेडचे स्टेनलेस स्टील मागा, खाऱ्या हवेला ते ३०४ पेक्षा चांगले टिकते.

देखभाल कोणाकडे हेही लिखित असू द्या. आचरेकर सरांच्या स्मारकाला मंजुरी देताना त्याची जबाबदारी त्यांच्याच कामत मेमोरियल क्रिकेट क्लबवर सोपवली गेली, तसे काहीतरी.

कार्यक्रमासाठी २९ ऑगस्टचा राष्ट्रीय क्रीडा दिन बहुतेकांना सुचतो. पण भर पावसात वयस्कर सरांना परळच्या तुंबलेल्या रस्त्यांतून आणणे मला पसंत नाही. डिसेंबरात शाळेचे क्रीडासप्ताह असतात, तेव्हा ठेवा. सकाळी ठेवा, पडदा शाळेच्या आत्ताच्या संघातल्या कप्तान मुलीच्या हातून उघडा, आणि भाषणे दोनच. त्यानंतर लगेच त्याच हॉलमध्ये माजी विद्यार्थी आणि आत्ताचा संघ असा एक डाव लावा, नाणेफेक सरांच्या हातून. नकाशा हातात आला की मैदानाच्या मापांसकट मला पाठवा, खांब कुठे येतात ते मी बघून देतो.